आवाज खाली पडला की मंजूर

जोतिबा शेडगे यांना सगळा संघ शेडगेसाहेब म्हणत असे. पण ही साहेबकी त्यांच्या वाट्याला आली तेव्हा निवृत्ती अगदी दारात येऊन उभी होती. त्याआधी जवळजवळ तीस वर्षं ते नुसते 'शेडगे' होते, आणि त्यांच्या वरच्या खुर्चीत मुख्य लेखापाल म्हणून बर्गेसाहेब बसलेले असत. बर्गेसाहेबांचं वय झालं तेव्हा शेडग्यांनी घरी पेढे आणून ठेवले होते. बर्गेसाहेबांना मुदतवाढ मिळाली. पहिली मुदतवाढ नवीन संगणकप्रणाली बसेपर्यंत, दुसरी ती सगळ्यांना कळेपर्यंत आणि तिसरी ती बदलेपर्यंत. शेवटी बर्गेसाहेबांना डोळ्यांनी दिसेना तेव्हा ती खुर्ची रिकामी झाली. शेडगे तिच्यावर बसले, आणि बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं की आता आपली मुदतवाढ कधी मागावी याचा विचार करायला हवा.

संघ म्हणजे शेतकऱ्यांचा खरेदी-विक्री संघ. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर त्याचं कार्यालय. खतं, बियाणं, पेंड, पत्रे, पाइप, एक पेट्रोल पंप आणि लग्नसराईत भाड्यानं द्यायची भांडी असा त्याचा पसारा. पूर्ण नाव इतकं लांब की ते पावतीच्या डोक्यावर मावत नाही, म्हणून दोन्ही जिल्ह्यांत त्याला नुसतं 'संघ' म्हणतात.

शेडगेसाहेबांनी सांगलीत बी.कॉम. केलं होतं, आणि सहकार खात्याची हिशेबाची परीक्षा तिसऱ्या खेपेला का होईना, पण पास केली होती. हिशेब त्यांना मनापासून आवडत. वार्षिक अहवालात ताळेबंद छापून आला की ते तो कोरा करकरीत कागद हातात धरून, नवीन शर्ट घातल्यासारखे खुशीत असत. त्यांना आयुष्यात एकच खंत होती. तो ताळेबंद कुणी वाचत नसे. दरवर्षी सप्टेंबरात संघाची सर्वसाधारण सभा भरे, आणि सभेत कुणी काही विचारलंच तर तयारी असावी म्हणून शेडगे आधी पंधरा दिवस खपून उत्तरं काढून ठेवत. ही वाढ का झाली, ती घट का झाली, हा आकडा मागच्या वर्षी इथं होता तो यंदा तिथं कसा गेला. उत्तरं तयार असत. पण प्रश्न काही येत नसे.

आणि गंमत अशी, की प्रश्न येऊ नये ही व्यवस्थाही शेडग्यांनीच केलेली होती.

जुन्या अध्यक्षांच्या, म्हणजे आबांच्या काळात एकदा सभेत फार आरडाओरडा झाला होता. खुर्च्या उडाल्या, जेवण राहिलं. त्या रात्री आबा डोकं धरून बसले असता तरुण शेडग्यांनी एक युक्ती सुचवली. संघाचे नोकरही सभासदच असतात. त्यांना मंडपात पुढच्या रांगांमध्ये थोडे थोडे पेरून बसवायचं. सचिवांनी विषय वाचायचा आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकायचा. आवाज खाली पडला, की पेरलेल्यांनी ओरडायचं, "मंजूर! मंजूर!" पुढून आवाज आला की मागचेही ओरडतात, कारण मागच्यांना काही ऐकू आलेलं नसतं आणि विषय संपला की जेवण असतं, एवढं मात्र ठाऊक असतं.

ही युक्ती इतकी चालली की पुढच्या वर्षीची सभा चहा निवायच्या आत आटोपली. या मंजूरपथकाचं पुढारपण पेट्रोल पंपावरच्या धनाजीकडं आलं. धनाजी गावोगावच्या कुस्त्यांच्या मैदानात पुकारा करायला जाई; कुठल्या तालमीचा कोण, कुणाचा पठ्ठा, हे तो कर्ण्याशिवाय सांगू शके. त्याचं "मंजूर" ऐकल्यावर मंडपाच्या कनातीवरचे कावळे उडत. शेडग्यांनी सहकार चळवळीला दिलेली देणगी कोणती, असं कुणी विचारलं असतं तर खरं उत्तर हेच होतं. पण हेही कुणी विचारलं नाही.

आता आबा राहिले नव्हते. त्यांचे चिरंजीव वीरधवलदादा अध्यक्ष होते. यंदाच्या सभेला महिना उरला असताना दादांनी शेडगेसाहेबांना केबिनमध्ये बोलावलं.

"शेडगे, तुमचं रिटायरमेंट सभेच्याच महिन्यात ना?"

"होय दादा. महिनाअखेर."

"मुदतवाढ हवी?"

शेडगेसाहेबांनी हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून काढलेले दिवस त्यांच्या चेहऱ्यावर एकदम दिसले असावेत. दादा हसले.

"दोन वर्षं देऊ. ऐनवेळच्या विषयात घेऊन टाकू. पण एक काम आहे. रहिमतपूरचा तो सुभेदार चहाच्या टपरीवर सांगत फिरतोय, यंदा ताळेबंदावर प्रश्न विचारणार. त्याला गप करा. सभा शांत झाली पाहिजे. तुमचा मुदतवाढीचा कागद सचिवांकडं तयार ठेवतो."

रहिमतपूरचे सुभेदार म्हणजे लालासाहेब निकम. फौजेतून निवृत्त झालेले, ताठ, पांढऱ्या मिशांचे. संघाच्या सभेत उठून उभा राहणारा हा एकच माणूस. पण आजवर त्यांचा प्रश्न ठरलेला असे: स्टेजवर संचालकांच्या डोक्यावर छत आणि मागच्या सभासदांच्या डोक्यावर भादव्याचं ऊन, हे का? त्यावर सचिव "सूचनेची नोंद घेतली" म्हणत आणि आवाज खाली टाकत. धनाजी ती नोंदही मंजूर करून टाकी. इतकी वर्षं उन्हाचं उत्तर मिळालं नाही म्हणून सुभेदार आता ताळेबंदाकडं वळले होते.

शेडगेसाहेब केबिनबाहेर आले तेव्हा सहायक लेखापाल इंद्रजित उभा होता. एम.कॉम. झालेला, चष्मेवाला, कामाला चोख. मुख्य लेखापालाची खुर्ची शेडग्यांच्या नंतर त्याची होती.

"झालं का साहेब काम?" त्यानं विचारलं.

"बघू. दोन वर्षं म्हणतायत."

"व्हायलाच पाहिजे साहेब. तुमच्याशिवाय संघ चालणार कसा? मी काय, कुठं जातोय?"

हे बोलताना इंद्रजितच्या तोंडावर जे हसू होतं ते शेडगेसाहेबांच्या चांगलं ओळखीचं होतं. बर्गेसाहेबांच्या प्रत्येक मुदतवाढीला त्यांनी स्वतः ते घातलं होतं. त्यांना क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांनी मनाशी म्हटलं, आपण थांबलो, हाही थांबेल. आणि ते कामाला लागले.

घरी शालूबाईंना त्यांनी ही गोष्ट सांगितली. शालूबाई भाकरी थापत होत्या.

"मिळू द्या बाई मुदतवाढ," त्या म्हणाल्या. "मी म्हसोबाला नारळ बोलते."

"तुला माझी एवढी काळजी?"

"तुमची कशाला? माझी. गेल्या दिवाळीला चार दिवस घरी हुता तर माझ्या फडताळातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या तुमी. मिठाच्या डब्यावर मीठ म्हणून लिवलं. मला काय मीठ कळत न्हाई व्हय?"

 चिठ्ठ्या शेडगेसाहेबांनी सुबक अक्षरात लावल्या होत्या. पण खरी भीती त्यांना डब्यांची नव्हती. सकाळी उठून कुठं जायचं नाही, आणि बस स्टँडवर कुणी "काय साहेब, ऑडिट झालं का?" असं विचारणार नाही, याची होती. मुख्य लेखापाल ही पाटी त्यांच्या टेबलावर येऊन अजून तिचा रंगही उडाला नव्हता.

पुढच्या रविवारी ते रहिमतपूरला गेले.

प्रश्न विचारणाऱ्याला गप करण्याची शेडगेसाहेबांची एक पद्धत होती. ते त्याला धमकावत नसत की आमिष दाखवत नसत. ते त्याला सगळं समजावून सांगत. समोर ताळेबंद पसरायचा आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. भागभांडवल, राखीव निधी, तरतुदी. कसलाही भांडखोर माणूस तरतुदींपर्यंत जांभया देऊ लागे. त्यातून कुणी तगलाच तर पुढं घसारा होता. घसाऱ्याच्या पलीकडं आजवर कुणीही जिवंत पोचलं नव्हतं. पेंडेच्या भावावरून तावातावानं आलेला एक जण तर घसारा सुरू झाल्यावर "मला एस.टी. हाय" म्हणून उठला होता, आणि ती एस.टी. दुसऱ्या दिवशीची होती.

सुभेदार पडवीत ताठ बसले. शेडगेसाहेबांनी कागद पसरला आणि सुरुवात केली. तरतुदी आल्या, गेल्या. सुभेदारांनी जांभई दिली नाही. ते म्हणाले, "हं, फुडं."

शेडगेसाहेबांनी घसारा काढला.

"ही तुमची बुलेट बघा, सुभेदार. घेतली तेव्हा नवी होती. वापरली की झिजते. म्हणून दरवर्षी वहीत तिची किंमत थोडी थोडी कमी लिहायची. याला घसारा म्हणतात."

सुभेदारांनी अंगणातल्या बुलेटकडं पाहिलं.

"पर शेडगे, माझ्या बुलेटची किंमत जुनी झाली तशी वाढलीया. साताऱ्याचा एक जण मागं लागलाय, मी घेतली त्याच्या लय पट द्यायला तयार हाय. मग तुमच्या वहीत ती कमी आन बाजारात जास्त, असं कसं?"

शेडगेसाहेब थबकले. त्यांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत घसाऱ्यावर त्यांना कुणी प्रश्न विचारला नव्हता. खुद्द संघाच्या ऑडिटरनंही नाही.

"वा!" ते म्हणाले. "सुभेदार, काय विचारलंत! वहीत कमीच होणार. वहीला बाजार कळत नाही, तिला फक्त झीज कळते. आता असं समजा…"

आणि मग ते समजावत राहिले. चहा आला, निवला, दुसरा आला. सुभेदार मध्ये मध्ये अडवत, शेडगेसाहेब खुलत. अंगणातली सावली भिंतीवर चढली तेव्हा त्यांना आठवलं की आपण या माणसाला कंटाळवायला आलो होतो.

"राहिलेलं पुढच्या रविवारी सांगतो," असं म्हणून ते उठले. पुन्हा यायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी भागभांडवलाची पाळी आली. ताळेबंदाला दोन बाजू असतात. एका बाजूला संघाकडं काय काय आहे, आणि दुसऱ्या बाजूला संघ कुणाचं काय देणं लागतो. सुभेदारांनी देण्याच्या बाजूवर बोट ठेवलं.

"हे सभासदांचं भागभांडवल म्हणजे आमचंच का?"

"तुमचंच. तुम्ही सभासद, तुम्ही मालक."

"आन मालक देण्याच्या बाजूला?"

"संघ वेगळा, मालक वेगळा. संघ तुमचं देणं लागतो."

सुभेदार खुर्चीतून उठले, अंगणात एक चक्कर मारून आले आणि पुन्हा बसले.

"आवं, मी एवढी वर्षं सभासद हाय. हे कुणी सांगितलं न्हाई."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"इचारलं असतं तर तुमी सभेत सांगितलं असतं व्हय?"

यावर शेडगेसाहेबांनी कागदाची घडी नीट केली. त्यांच्या डोळ्यांपुढं सभेत पुढच्या रांगेत बसलेला धनाजी आला होता.

तिसऱ्या रविवारी मात्र त्यांनी मन घट्ट केलं. दोघांची आता इतकी गट्टी जमली होती की आडपडदा ठेवणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी सरळ सांगून टाकलं: सभेत कुणी प्रश्न विचारला नाही तर मला दोन वर्षं मिळणार आहेत, विचारला तर मी घरी.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "एवढंच ना? आधी सांगायचं गड्या. शब्द देतो. सभेत परश्न इचारणार न्हाई. संघाच्या इरोधात एक अक्षर काढणार न्हाई."

शेडगेसाहेब निश्चिंत झाले. कुठल्याही ठरावातली प्रत्येक अट दोनदा वाचणारा हा माणूस, पण सुभेदारांच्या शब्दात काय आहे आणि काय नाही हे त्यानं तपासलं नाही. परतीच्या एस.टी.त त्यांना छान झोप लागली.

सभेच्या दिवशी संघाच्या गोदामासमोर मंडप पडला होता. स्टेजवर छत, पुढच्या रांगांवर कापड, आणि मागच्या रांगा रीतीप्रमाणे उन्हात. गोदामाच्या मागं जिलेबीची कढई चढली होती आणि मसालेभाताचा वास सभासदांच्या मतावर परिणाम करत होता. शेडगेसाहेब स्टेजवर दादांच्या मागं उत्तरं घेऊन बसले होते. समोर धनाजी आणि त्याचं पथक जागच्या जागी होतं. चौथ्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, सुभेदार बसले होते. त्यांनी स्टेजकडं पाहून मान हलवली. शेडगेसाहेबांनीही हलवली.

सचिवांनी पहिला विषय वाचला. आवाज खाली पडला. मंजूर. दुसरा विषय ताळेबंदाचा. सचिव वाचत होते आणि शेडगेसाहेब श्वास धरून बसले होते. आवाज खाली पडला. धनाजी गरजला. कावळे उडाले. ताळेबंद मंजूर झाला. शेडगेसाहेबांनी श्वास सोडला, आणि दरवर्षी वाटे तसं यंदाही त्यांना सुटल्यासारखं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

तेवढ्यात सुभेदार उठले.

दादांनी मागं वळून शेडगेसाहेबांकडं पाहिलं. शेडगेसाहेबांनी हातातल्या कागदांत डोकं घातलं.

"मी परश्न इचारत न्हाई," सुभेदार खड्या आवाजात म्हणाले. "मला आभार मानायचेत. इतकी वर्षं मी सभेला येतो, जेवतो, जातो. ताळेबंद म्हणजे काय ते मला ठावं नव्हतं. शेडगेसाहेबांनी माझ्या घरी येऊन, तीन रविवार घालवून, मला तो शिकवला. असा माणूस संघाला लाभला, त्यात अध्यक्षांचंबी नशीब हाय आन आपलंबी."

टाळ्या झाल्या. दादाही हसले. शेडगेसाहेबांचे कान लाल झाले.

"माझी एक नम्र सूचना हाय," सुभेदार पुढं म्हणाले, आणि इथं त्यांचा गळा दाटून आला. "जे मला कळलं, ते समद्या सभासदांना कळावं. शेडगेसाहेबांनी आत्ताच्या आत्ता सभेला ताळेबंद समजावून…"

आणि भावनेच्या भरात सुभेदारांचा आवाज खाली पडला.

"मंजूर! मंजूर!" धनाजी गरजला. त्याच्यामागं पथक गरजलं. पथकामागं मंडप गरजला.

सचिवांनी दादांकडं पाहिलं. दादांनी शेडगेसाहेबांकडं पाहिलं. ठराव सर्वानुमते पास झाला होता, आणि ज्या रीतीनं तो पास झाला ती रीत मोडणं तिघांपैकी कुणालाच परवडणारं नव्हतं.

"दोन मिनिटांत आटपा," दादा ओठ न हलवता म्हणाले.

शेडगेसाहेब दोन मिनिटांत आटपायच्या इराद्यानंच माइकसमोर उभे राहिले होते, यात शंका नाही. त्यांनी भागभांडवलाची एक ओळ सांगितली आणि समोर पाहिलं. सुभेदार ऐकत होते. ते अपेक्षितच होतं. पण त्यांच्या शेजारचाही ऐकत होता. त्याच्या मागं एक मुंडासंवाला पुढं झुकला होता. मागच्या उन्हातल्या एका बाईनं शेजारणीला "गप की गं" म्हणून गप्प केलं. शेडगेसाहेबांनी घसा साफ केला. तीस वर्षांची तयारी त्यांच्या जिभेवर येऊन उभी राहिली, आणि मग मुदतवाढ, दादा, जिलेबी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून नाहीसं झालं.

त्यांनी घसारासुद्धा सांगितला. बुलेटसकट.

"सायेब," एक जण उठला, "घसारा समद्या वस्तूंना लागतो का?"

"झिजणाऱ्या सगळ्यांना. यंत्रं, फर्निचर, वाहनं."

"मग चेअरमनसायबांची गाडी किती घासली?"

मंडपात हशा झाला. शेडगेसाहेबांनी तो हशा ऐकला नाही. त्यांनी फक्त प्रश्न ऐकला. इतका सरळ, नेमका प्रश्न!

"उत्तम प्रश्न," ते म्हणाले. "जुनी गाडी वहीप्रमाणं अजून निम्मीसुद्धा झिजलेली नव्हती. पण गेल्या वर्षी नवीन घेतली, त्यामुळं आता दोन्हींचा घसारा लागतो. पान अकरा, खालून तिसरी ओळ."

अहवालांची पानं उलटण्याचा आवाज झाला. संघाच्या इतिहासात हा आवाज पहिल्यांदाच झाला. दादांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

मग मागच्या उन्हातून एक म्हातारी पदर सावरत उठली. "लेकरा, तू म्हणतूस आमी मालक. संघ आमचं देणं लागतो म्हणतूस. मग देणेकरी सावलीत आन मालक उन्हात, ह्ये कुठल्या पानावर हाय?"

आता हसण्याला धरबंध राहिला नाही. सुभेदारांनी तर फेटा काढून हवेत हलवला. त्यांचा इतक्या वर्षांचा प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारला होता आणि त्यांचा शब्दही मोडला नव्हता. शेडगेसाहेबांनी या एकाच प्रश्नाचं उत्तर तयार केलेलं नव्हतं. ते म्हणाले, "ते पान नाही, आजी." आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

जिलेबी गार झाली होती. दादांनी माइकवर हात ठेवून सचिवांच्या कानात काही सांगितलं. सचिवांनी पुढ्यातला एक कागद उचलून घडी करून खिशात घातला, आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर भराभर दोन ओळी खरडल्या. शेडगेसाहेब नुकतेच जागेवर येऊन बसले होते. त्यांचा चेहरा लग्नातल्या वरबापासारखा उजळला होता. घडी होऊन खिशात गेलेला कागद त्यांना दिसला, पण तो आपला, हे कळायला एक क्षण लागला.

"ऐनवेळचा विषय," सचिव वाचू लागले. "संघाचे मुख्य लेखापाल श्री. जोतिबा शेडगे हे नियत वयोमानानुसार या महिनाअखेर सेवानिवृत्त होत असून, त्यांच्या जागी श्री. इंद्रजित यांची नेमणूक करण्यास व शेडगे यांच्या दीर्घ सेवेची कृतज्ञतापूर्वक नोंद घेण्यास ही सभा…"

सचिवांचा आवाज खाली पडला.

शेडगेसाहेबांनी धनाजीकडं पाहिलं. ते एक बोटही हलवू शकले असते तर कदाचित धनाजीला काही उमगलं असतं. पण धनाजीनं छाती भरून घेतली होती, आणि आज साहेब इतके छान बोलले म्हणून त्याला नेहमीपेक्षा जास्त जोर आला होता.

"मंजूर!"

इतका मोठा मंजूर त्या मंडपानं आजवर ऐकला नव्हता. मागचे लोक तर उभे राहून ओरडले. शेडगेसाहेबांना नारळ आणि शाल मिळाली. शाल कुठून इतक्या लवकर आली, हे त्यांनी विचारलं नाही. दरवर्षी एक शिल्लक ठेवायची, ही व्यवस्थाही त्यांचीच होती.

पंगत बसली तेव्हा धनाजी जिलेबीचं ताट घेऊन त्यांच्याकडं आला.

"साहेब, पेढे कवा? मुदतवाढ झाली न्हवं?"

"धनाजी, तू काय मंजूर केलंस, ऐकलंस का?"

"आवं, ऐकायचं कुठं असतंय?" धनाजी म्हणाला. "तुमीच तर शिकवलं, आवाज खाली पडला की वरडायचं. इषय कोण ऐकतो?" मग साहेबांच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं ताट खाली ठेवलं. "का? काय हुतं?"

"काही नाही. चांगलं ओरडलास," शेडगेसाहेब म्हणाले, आणि जिलेबीचा तुकडा मोडला.

इंद्रजित येऊन पाया पडला. आज त्याच्या तोंडावर ते ओळखीचं हसू नव्हतं. त्याच्या जागी दुसरं, जरा भ्यालेलं हसू होतं. शेडगेसाहेबांना त्याला सांगावंसं वाटलं की आता मुदतवाढीचा विचार सुरू कर. पण त्यांनी फक्त डोक्यावर हात ठेवला.

सुभेदार सगळ्यात शेवटी आले, खूश होते. "बगा शेडगे, शब्द पाळला का न्हाई? एक परश्न इचारला न्हाई. एक अक्षर इरोधात काढलं न्हाई."

"पाळलात," शेडगेसाहेब म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

घरी शालूबाईंनी शाल उलगडून पाहिली, परत घडी घातली आणि म्हणाल्या, "आता म्हसोबाला काय सांगू?"

"नारळ आलाय की एक. तोच दे."

"आन डब्यांना हात लावायचा न्हाई. आजच सांगून ठेवते."

पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं फारसं नाही. रविवारी ते रहिमतपूरला जात. सुभेदारांबरोबर त्यांचे दोन-तीन मित्रही येऊन बसत. बस स्टँडवर कुणीतरी "काय साहेब, ऑडिट?" असं विचारून मग जीभ चावे. इंद्रजितनं काढलेला नवा ताळेबंद अहवालात छापून आला तेव्हा शेडगेसाहेबांनी तो दोनदा वाचला. त्यात एक आकडा त्यांना खटकला. चूक म्हणावी असा नव्हता. विचारावा असा होता. त्यांनी तो प्रश्न चांगल्या वळणदार अक्षरात लिहिला आणि सभेला गेले.

आता ते साधे सभासद होते. जागा मागच्या रांगेत, उन्हात, सुभेदारांच्या शेजारी. स्टेजवर दादांच्या मागं इंद्रजित कागद घेऊन बसला होता, आणि शेडगेसाहेबांना लांबूनही कळत होतं की त्यानं सगळी उत्तरं काढून आणली आहेत, आणि कुणीतरी विचारावं म्हणून तो लोकांच्या तोंडाकडं बघतो आहे.

"ताळेबंदाला उठा," सुभेदार कुजबुजले. "मी हाय पाठीशी."

सचिवांनी विषय वाचायला घेतला. शेडगेसाहेबांनी खिशातला कागद काढला, चष्मा पुसला आणि खुर्चीच्या कडेवर सरकले. वाक्य संपत आलं. सचिवांचा आवाज खाली पडला.

"मंजूर!"

हा आवाज पुढून आला नव्हता. धनाजी या वेळी क्षणभर उशिरा ओरडला. दुसऱ्या दिवशी पंपावर तो सगळ्यांना सांगत होता की मागून कोण तो पहिला ओरडला, त्याचा गळा भारी.

सुभेदारांनी मान वळवून शेडगेसाहेबांकडं पाहिलं. शेडगेसाहेबांचं तोंड अजून उघडंच होतं.

"चला," ते शेवटी म्हणाले, आणि कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. "जिलेबी गार होईल."